गोडाऊनमध्ये डब्ल्यूएमएस बसवायचंय? चाकणच्या अनुभवावरून नवीन लोकांसाठी पायऱ्या

मी चाकणजवळ महाळुंगेला स्पेअर पार्ट्सच्या एका गोडाऊनचं काम बघते. टू-व्हीलर फोर-व्हीलर मिळून साधारण साडेचार हजार आयटम, थोडा माल आमच्या मालकांचा आणि बाकीचा दोन पार्ट्यांचा, जो आमच्याकडे नुसता ठेवायला आणि पाठवायला येतो. वेअरहाऊस मॅनेजमेंट सॉफ्टवेअर, ज्याला सगळे डब्ल्यूएमएस म्हणतात, ते आम्ही दोनदा बसवलं. पहिलं पाच महिन्यांत बंद पडलं आणि सगळे परत रजिस्टरवर आले, दुसरं आजही चालू आहे. पहिलं सॉफ्टवेअर वाईट नव्हतं, पण घेताना आम्ही स्क्रीन किती छान आहे, रिपोर्ट किती आहेत हेच बघत बसलो, आणि हातात खोकं घेऊन उभा असलेला माणूस ते खोकं ठेवताना नेमकं काय करणार आहे हे कोणी विचारलंच नाही. सगळा घोळ तिथून झाला.

आता वाघोली, लोणीकंद, तळेगाव, खेड शिवापूर सगळीकडे गोडाऊन वाढतायत आणि ओळखीतून फोन येतात की ताई कुठलं सॉफ्टवेअर घेऊ. नुसतं नाव सांगून उपयोग होत नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

पायरी १: आधी बघा, खरंच लागतंय का

टॅलीमध्येही, म्हणजे हिशोबाच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये, गोडाऊनवाइज स्टॉक ठेवता येतो, माल किती आहे आणि त्याची किंमत काय ते कळतं. डब्ल्यूएमएसचं काम वेगळं आहे. माल कुठल्या रॅकच्या कुठल्या खणात आहे, तो कोणी कधी ठेवला, कुठल्या लॉटचा (एकत्र आलेल्या गठ्ठ्याचा, यालाच बॅचही म्हणतात) आहे, आणि आता आलेल्या ऑर्डरसाठी कुठला उचलायचा, हे त्याने सांगायचं असतं. तुमचे आयटम दोन-तीनशेच असतील आणि गोडाऊनमध्ये तीन-चार माणसं असतील तर सध्या सॉफ्टवेअरवर खर्च करू नका, तेच पैसे चांगल्या रॅकवर आणि लेबलवर घाला.

गरज आहे हे कसं ओळखायचं? आमच्याकडे सगळ्यात मोठी खूण म्हणजे स्टोअरकीपर काका. ते गणपतीला गावी गेले की आमचा डिस्पॅच निम्म्यावर यायचा, कारण कुठला माल कुठे आहे हे फक्त त्यांच्या डोक्यात. माणूस गुणी आहे, सतरा वर्षांचा अनुभव, पण अख्खं गोडाऊन एका माणसाच्या आठवणीवर चालणं त्यांच्यासाठीही वाईटच, त्यांना धड सुट्टी घेता येत नव्हती. दुसरी खूण अशी की स्टॉक दाखवतोय पण माल सापडत नाही, मग घाईत नवीन मागवला जातो आणि चार महिन्यांनी जुना कुठल्यातरी कोपऱ्यात मिळतो. तिसरी, पार्टीने स्टॉक स्टेटमेंट मागितलं की दोन माणसांचा पूर्ण दिवस जातो. यातल्या दोन गोष्टी तुमच्याकडे होत असतील तर पुढे वाचा.

पायरी २: एका खोक्याच्या मागे दिवसभर फिरा

कुठल्याही कंपनीला डेमोला बोलवायच्या आधी हे करा. गेटवर गाडी आल्यापासून एक खोकं धरा आणि ते जिथे जिथे जातं ते वहीत लिहा. गेट एंट्री, अनलोडिंग, मोजणी, चलनाशी ताळा, जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद, क्वालिटीवाल्यांसाठी बाजूला ठेवणं, मग रॅकवर लावणं म्हणजे पुटअवे, मग ऑर्डर आल्यावर काढणं म्हणजे पिकिंग, पॅकिंग, इनव्हॉइस, ई-वे बिल म्हणजे माल वाहतुकीसाठी सरकारी पोर्टलवर काढायचा कागद, लोडिंग, एलआर म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याची पावती. प्रत्येक ठिकाणी खोकं कोणाच्या हातात आहे आणि कागद कुठला बनतोय तेही लिहा.

हे करताना आम्हाला दोन जागा अशा सापडल्या जिथे माल असतो पण नोंद कुठेच नसते. एक म्हणजे अनलोडिंग झालंय पण जीआरएन नाही, असा माल शटरजवळ रात्रभर पडून राहायचा आणि सेल्सवाले तोच उचलून नेऊन डिस्पॅच करायचे. दुसरी म्हणजे रिटर्न. डीलरकडून परत आलेला माल एका पिंजऱ्यात टाकायचे, त्यात चांगला, खराब, वॉरंटीचा सगळा एकत्र. पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही रिटर्नचा विचारच केला नव्हता आणि स्टॉक बिघडायला सुरुवात नेमकी तिथूनच झाली. तुमच्या वहीत रिटर्न, तुटका माल, सॅम्पल म्हणून दिलेला माल आणि जॉबवर्कला (बाहेरून काम करून घ्यायला) पाठवलेला माल, या चार वाटा आहेत का बघा.

पायरी ३: प्रत्येक जागेला पत्ता द्या

पुण्यात आपण पत्ता सांगताना मारुतीच्या देवळासमोर, गिरणीच्या बोळात असं सांगतो आणि माणूस पोचतोही, कारण तो वाटेत विचारतो. गोडाऊनमध्ये खिडकीकडच्या रॅकच्या मागे हा पत्ता चालत नाही, सॉफ्टवेअर वाटेत कोणाला विचारू शकत नाही.

आम्ही साधा कोड केला, गल्ली, रॅक, मजला, खण. म्हणजे क-०७-२-०३ असा. सोपं वाटतं पण यात चुका खूप होतात, त्या सांगते. इंग्रजी अक्षरं वापरणार असाल तर ओ आणि आय वगळा, शून्य आणि एक वाटतात. नंबर सलग देऊ नका, मध्ये रॅक वाढवायला जागा सोडा, नाहीतर सहा महिन्यांनी सात-अ सात-ब सुरू होतं. वरच्या मजल्याचं लेबल वर लावलं तर खालून स्कॅन होत नाही, म्हणून सगळ्या मजल्यांची लेबलं डोळ्याच्या उंचीवर एकाखाली एक लावा आणि बाण काढा. आणि जमिनीवर ठेवायचा जड माल, शटरजवळची उतरवायची जागा, होल्डचा कोपरा, रिटर्नचा पिंजरा, पॅकिंग टेबल, या सगळ्यांनासुद्धा पत्ता पाहिजे. जिथे माल दहा मिनिटं जरी थांबतो ती जागा सॉफ्टवेअरला माहीत पाहिजे.

पायरी ४: आयटम मास्टर साफ करा, इथे घाई करू नका

आयटम मास्टर म्हणजे सगळ्या मालाची मूळ यादी, नाव, कोड, युनिट, टॅक्स सगळं त्यात. खरं सांगायचं तर अर्धं काम हेच आहे आणि हे सॉफ्टवेअरवाले करून देत नाहीत, तुम्हालाच करावं लागतं. आम्हाला सहा आठवडे लागले.

सगळ्यात पहिला शत्रू एक्सेल. पार्ट नंबर शून्याने सुरू होत असेल तर एक्सेल पुढची शून्यं खाऊन टाकतं, ००४५७ चं ४५७ होतं. ३-१२ सारखा पार्ट नंबर तारीख बनतो. आणि मोठा नंबर असेल तर एक्सेल १५ आकड्यांच्या पुढचे सगळे आकडे शून्य करतं, ते परत मिळत नाहीत. म्हणून शीट उघडल्या उघडल्या, काहीही पेस्ट करायच्या आधी, पार्ट नंबरची कॉलम टेक्स्ट करा. कोणी फाइल मेल केली तर डबल क्लिक करून उघडू नका, डेटा इम्पोर्टमधून आणा.

दुसरं, एकच माल तीन नावांनी. ब्रेक शू, ब्रेकशू, शू ब्रेक. कंपनीचा पार्ट नंबर वेगळा, पार्टीचा वेगळा, आमचा जुना कोड वेगळा. यातला एक मुख्य ठरवा आणि बाकीचे पर्यायी कोड म्हणून जोडा. सॉफ्टवेअरमध्ये एका आयटमला अनेक कोड आणि अनेक बारकोड लावता आले पाहिजेत, हे लिहून ठेवा, पुढे विचारायचंय.

तिसरं युनिट. आमचा सगळ्यात महागात पडलेला धडा इथला आहे. नट-बोल्ट खरेदीत ग्रोसमध्ये यायचे, एक ग्रोस म्हणजे १४४ नग, विक्री नगावर, आणि काही पुरवठादार किलोवर द्यायचे. पहिल्या वेळी युनिट एकच टाकलं आणि रूपांतर कुठेच भरलं नाही, त्यामुळे २० ग्रोस आले की स्टॉकला २० नग चढायचे. दोन आठवड्यांत बोल्टचा सगळा स्टॉक मायनसमध्ये. तेव्हा खरेदीचं युनिट, साठ्याचं युनिट, विक्रीचं युनिट आणि त्यांचं गणित, हे प्रत्येक आयटमला भरायचं, आणि एका खोक्यात किती नग येतात तेही.

चौथं, एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाच्या प्रकाराचा नंबर) आणि टॅक्सचा दर. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ६ आकडी एचएसएन लागतो, तो मास्टरमध्येच बरोबर असू द्या. आणि दर बदलतात हे लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ऑटो पार्ट्सवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्या वेळी ज्यांच्याकडे दर तारखेनुसार लावायची सोय होती त्यांनी आधीच भरून ठेवलं, बाकीच्यांनी रात्री बसून हजारो आयटम बदलले. त्याच काळात जुन्या आणि नवीन एमआरपीचा माल एकाच खणात आला. म्हणून एमआरपी आयटमला न लावता बॅचला लावता येते का, हा प्रश्न स्पेअर पार्ट्सवाल्यांनी विचारलाच पाहिजे.

पायरी ५: फीचर कुठले बघायचे

आता मुख्य विषय. ब्रोशरमध्ये शंभर फीचर असतात. मी त्यांना एकच कसोटी लावते: माल हलला त्याच वेळी, त्याच जागी, हलवणाऱ्या माणसाकडून नोंद होते का? संध्याकाळी ऑपरेटर बसून एंट्री मारणार असेल तर तुम्ही रजिस्टरच विकत घेताय.

रिसीव्हिंग. खरेदी ऑर्डर किंवा पार्टीने आधी पाठवलेली मालाची यादी सॉफ्टवेअरमध्ये आधीच असावी आणि आलेला माल स्कॅन करताना कमी-जास्त लगेच दिसावं. आमचे लोक मोजताना यादीतला आकडा बघून तोच लिहायचे, त्यामुळे आम्ही अपेक्षित आकडा लपवायची सोय मागून घेतली. माणूस मोजेल तेवढंच टाकेल, फरक सुपरवायझरला दिसेल. हा छोटा पर्याय आहे पण याने शॉर्टेज पकडणं एकदम सुधारलं.

पुटअवे. सॉफ्टवेअरने जागा सुचवावी, पण माणसाला दुसरीकडे ठेवायची वेळ येणारच, तेव्हा तो दुसरा खण स्कॅन करून पुढे जाता आला पाहिजे. सक्ती फक्त एवढीच की आधी माल स्कॅन, मग खण स्कॅन, खण स्कॅन केल्याशिवाय काम पूर्ण होत नाही.

बॅच आणि फिफो. आधी आलेला माल आधी जावा हे फिफो, आणि आधी एक्सपायर होणारा आधी जावा हे फेफो. रबरचे पार्ट, ब्रेक ऑइल, ग्रीस, चिकटवायची केमिकल्स, यांना फेफो लागतं. टायर ठेवत असाल तर बाजूवर डॉट कोडच्या शेवटी चार आकडे असतात, २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा, तेच बॅच म्हणून घ्या. बॅटरी पडून राहिली तर उतरते, तिला ठराविक दिवसांनी चार्जिंगची आठवण लावता आली तर उत्तम. पण फिफो हे फक्त सॉफ्टवेअरमध्ये टिक करून होत नाही. एका खणात दोन लॉट एकत्र ठेवले तर माणूस वरचं खोकं उचलणार, म्हणजे नवीनच, त्यात त्याची काही चूक नाही. म्हणून एका खणात एकच लॉट अशी अट लावता येते का बघा, निदान फेफोच्या मालाला तरी.

पिकिंग. पिक लिस्ट ऑर्डरच्या क्रमाने आली तर माणूस गोडाऊनभर उलटसुलट फिरतो. ती रॅकच्या क्रमाने आली पाहिजे, आणि छोट्या ऑर्डर जास्त असतील तर दहा ऑर्डरचा माल एका फेरीत काढून पॅकिंग टेबलवर वाटायची सोय पाहिजे. आमची मुलं दिवसभरात किती चालायची हे मी स्वतः त्यांच्यासोबत फिरून बघितलंय, पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे मध्ये ते सोपं नाही. लिस्ट नीट लावली तर त्यांचे पाय वाचतात, आणि माझ्या मते या एका कारणासाठीसुद्धा डब्ल्यूएमएस घेणं योग्य आहे. काढताना खण आणि माल दोन्ही स्कॅन, चुकीचा असेल तर मशिनने आवाज करून अडवलं पाहिजे. नुसता लाल मेसेज पुरत नाही, दोन्ही हातात खोकं असताना स्क्रीन कोण बघतं.

मायनस स्टॉक. हे बंद करता आलंच पाहिजे आणि बंदच ठेवा. टॅलीत स्टॉक मायनस गेला तरी बिल बनतं, त्याची सवय लागलेली असते आणि पहिल्या आठवड्यात सगळे तुमच्या मागे लागतात की मॅडम ते तेवढं उघडा, गाडी थांबलीय. उघडू नका. मायनस म्हणजे आधीची एक नोंद राहिलीय, ती शोधून पूर्ण करा आणि मग गाडी सोडा. आम्ही पहिल्या वेळी उघडलं होतं.

पार्टीनुसार माल. दुसऱ्यांचा माल ठेवत असाल तर एकच पार्ट नंबर दोन पार्ट्यांचा असू शकतो, मालकी वेगळी राहिली पाहिजे. सोबत बिलिंग, म्हणजे पॅलेटप्रमाणे, स्क्वेअर फुटाप्रमाणे किंवा आत-बाहेर खोक्याप्रमाणे, जसा तुमचा करार असेल तसं त्याला काढता येतं का, आणि पार्टीला स्वतःचा स्टॉक बघायला वेगळं लॉगिन देता येतं का.

ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइस. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर आणि राज्याबाहेर ५० हजारांच्या वर ई-वे बिल लागतं, आणि जॉबवर्कसाठी माल राज्याबाहेर पाठवला तर किमतीची मर्यादाच नाही, लागतंच. उलाढाल ५ कोटींच्या वर गेलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, सक्तीचं आहे. हे डब्ल्यूएमएसमधून होणार का टॅलीतून, ते एकाच ठिकाणाहून होऊ द्या, दोन्हीकडून नको. आणि एक सापळा: ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस असते आणि बिलाच्या पार्ट बी या भागात गाडी नंबर टाकला की सुरू होते. ट्रान्सपोर्टवाल्याने फोनवर नंबर सांगितला म्हणून दुपारीच भरलं आणि गाडी तळेगाव-चाकण रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकून दुसऱ्या दिवशी लागली, तर तुमची मुदत जागेवरच संपत जाते. गाडी गेटच्या आत आल्यावरच गाडी नंबर भरता येईल असा क्रम लावून घ्या. मुदत संपत आलीच तर संपायच्या आधीच्या ८ तासांत किंवा नंतरच्या ८ तासांत वाढवता येते.

कोणी काय केलं याची नोंद, म्हणजे ऑडिट लॉग, प्रत्येकाला वेगळं लॉगिन, आणि स्टॉक अॅडजस्टमेंटचा अधिकार फक्त एक-दोघांना, हे सांगायला नकोच. नेट गेलं तर स्कॅनर ऑफलाइन चालून नंतर सिंक करतो का ते मात्र नक्की विचारा.

जे नंतर चालेल ते म्हणजे डॅशबोर्ड, रंगीत ग्राफ, रोबोट, आवाजाने पिकिंग. पहिल्या वर्षी त्याचे पैसे देऊ नका.

पायरी ६: मशिनं

बारकोड का क्यूआर यावर लोक खूप वाद घालतात. क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सोने काढला तो मुळात गाड्यांच्या पार्ट्सचा हिशोब ठेवायलाच, त्यामुळे आपल्या कामाला तो घरचाच आहे. छोट्या जागेत जास्त माहिती मावते आणि थोडा फाटला तरी वाचता येतो. म्हणून स्कॅनर टू-डी घ्या, तो दोन्ही वाचतो. कंपनीच्या खोक्यावर आधीच बारकोड असेल तर त्यावर आपलं लेबल चिकटवू नका, तोच मास्टरला जोडा.

लेबल प्रिंटर घेताना रिबनवाला घ्या. बिनरिबनचं थर्मल लेबल उन्हाने आणि पत्र्याच्या उष्णतेने उडतं, आमच्या वरच्या रॅकची लेबलं एका उन्हाळ्यात पांढरी झाली. कुरिअरच्या लेबलला बिनरिबनचं चालतं, रॅकला नाही.

वायफाय ऑफिसमध्ये बसून तपासू नका. लोखंडी रॅक, त्यात लोखंडी माल, सिग्नल अडतो. स्कॅनर घेऊन सगळ्यात लांबच्या गल्लीत, खालच्या खणाजवळ बसून बघा, आणि रॅक भरलेले असताना बघा. आणि गुरुवारी इकडे मेंटेनन्सला लाइट जाते तेव्हा राउटर, वायफायचे बॉक्स आणि प्रिंटर तिघांना यूपीएस आहे का? आम्ही फक्त कॉम्प्युटरला दिला होता.

पायरी ७: डेमो

त्यांच्या सॅम्पल डेटावर डेमो बघू नका. तुमचे ५० आयटम द्या, त्यात ग्रोसवाला बोल्ट, दोन एमआरपीचा पार्ट, एक्सपायरीवालं ऑइल आणि एक रिटर्न असू द्या, आणि त्यांना समोर करून दाखवायला सांगा. डेमोला मालकांसोबत गोडाऊनमधला एक माणूस बसवा, स्कॅनर त्याच्या हातात द्या. आमच्या दुसऱ्या वेळी तीन कंपन्यांपैकी एकाचं अॅप आमच्या पिकिंगच्या मुलाने पाच मिनिटांत स्वतःहून चालवलं, आम्ही तेच घेतलं. मेनू मराठी-हिंदीत होतो का तेही तिथेच बघितलं.

नावं विचारतात म्हणून सांगते, मोठ्या कंपन्यांमध्ये सॅपचं ईडब्ल्यूएम असतं, मध्यम आणि छोट्यांना ओडू किंवा ईआरपीनेक्स्ट, म्हणजे हिशोब, खरेदी, विक्री सगळं एकत्र सांभाळणारी सॉफ्टवेअर, यांच्यातला स्टॉकचा भाग पुरू शकतो. ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं आहे आणि ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, लायसन्सचे पैसे नाहीत, पण सर्व्हर आणि बसवून देणाऱ्याचा खर्च असतोच.

पैशांचं विचारताना पूर्ण विचारा. युजरवर महिना आहे का ऑर्डरवर, स्कॅनर म्हणजे युजर धरतात का, वार्षिक मेंटेनन्स किती, टॅली जोडणीचे वेगळे का, रिपोर्ट बदलून मागितला तर किती. आणि सोडून जायचं ठरलं तर आमचा सगळा डेटा कुठल्या स्वरूपात मिळेल, हे करारात लिहून घ्या. पहिल्या वेळी आम्हाला फक्त पीडीएफ मिळाले, त्यातून परत आयटम टाइप करायला माणूस लावावा लागला.

पायरी ८: हे गोळा करून ठेवा

- जीएसटी सर्टिफिकेट, त्यात हे गोडाऊन अॅडिशनल प्लेस ऑफ बिझनेस म्हणून आहे ना ते बघा, नसेल तर आधी ते करून घ्या
- जागेचा भाडेकरार आणि लाइट बिल
- दुसऱ्यांचा माल ठेवता आणि जीएसटी नंबर नाही, तर ईएनआर-०१ फॉर्मने घेतलेला नोंदणी क्रमांक
- ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइसचे एपीआय लॉगिन (सॉफ्टवेअरने सरकारी पोर्टलशी थेट जोडायला लागणारे), हे नेहमीच्या लॉगिनपेक्षा वेगळे असतात
- साफ केलेला आयटम मास्टर, पार्टी मास्टर, लोकेशनची यादी
- गोडाऊनचा मापासकट नकाशा, हाताने काढलेला चालेल
- मागच्या तीन महिन्यांच्या ऑर्डर
- पार्टीसोबतचे करार आणि रेट

जुनी रजिस्टरं आणि चलनं फेकू नका. जीएसटीचे रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात.

पायरी ९: माणसं

पहिल्या वेळी आम्ही ट्रेनिंग ऑफिसमध्ये प्रोजेक्टरवर दिलं, सगळे मान हलवत होते. दुसऱ्या वेळी रॅकजवळ दिलं, दोन-दोन माणसांना, वीस मिनिटं, रोज, आठवडाभर. फरक जमीन-अस्मानाचा.

माथाडी टोळी असेल तर टोळीच्या मुकादमाशी आधी बोला. त्यांना वाटतं की स्कॅनर आला म्हणजे माणसं कमी होणार किंवा नजर ठेवणार. माथाडी कायदा १९६९ चा आहे, त्यांचं काम आणि मजुरी त्याखाली ठरलेली असते, स्कॅनिंगचं काम त्यांच्यावर न सांगता लादू नका. आम्ही उतरवणं त्यांच्याकडे आणि स्कॅन आमच्या माणसाकडे असं ठेवलं, आणि उतरवलेल्या नगांचा आकडा त्यांनाही रोज दाखवायला लागलो. मजुरीच्या हिशोबावरून होणारे वाद त्याने थांबले, हे आम्ही ठरवलेलंही नव्हतं.

स्टोअरकीपर काकांना आम्ही पहिल्या वेळी बाजूला ठेवलं होतं, ते दुखावले आणि बरोबरच होतं त्यांचं. दुसऱ्या वेळी कुठला माल कुठल्या गल्लीत ठेवायचा हे सगळं त्यांनीच ठरवलं, रोज लागणारा पुढे, जड खाली. ते या वर्षी गणपतीला पूर्ण दहा दिवस गावी राहिले.

पायरी १०: मोजणी आणि सुरुवात

तारीख निवडताना मार्चएंड, आणि दसरा-दिवाळीच्या आधीचा महिना टाळा. आम्ही जूनमध्ये, बुधवार रात्र ते शुक्रवार सकाळ असं घेतलं, गुरुवारी इकडे बऱ्याच कंपन्यांना सुट्टी त्यामुळे गाड्या कमी. फक्त लाइटचं आधी विचारून ठेवा.

मोजताना गोडाऊन पूर्ण बंद, आत-बाहेर काही नाही. दोन-दोनच्या जोड्या, एक मोजणार एक लिहिणार, आणि महागड्या मालाची दुसऱ्या जोडीकडून परत मोजणी. टॅलीचा आकडा मोजणाऱ्याला द्यायचा नाही. जो फरक निघेल तो निघेल, तो जुन्या सिस्टिमचा फरक आहे, मालकांना आधीच सांगून ठेवा म्हणजे त्या दिवशी कोणावर आरोप होत नाहीत.

रजिस्टर आणि सॉफ्टवेअर दोन्ही सोबत चालवायचं तर दोन आठवडे, त्याहून जास्त नको. रजिस्टर उघडं राहिलं की लोक तिकडेच लिहितात, आमचं पहिलं असंच बंद पडलं.

पायरी ११: पहिले तीन महिने

रोज सकाळी पंधरा-वीस खण मोजायचे, याला सायकल काउंट म्हणतात. किमतीने किंवा वापराने जास्त असलेला माल महिन्यातून एकदा, मधला तीन महिन्यांतून, बाकीचा वर्षातून दोनदा. फरक निघाला तर लगेच अॅडजस्ट करून मोकळं होऊ नका, आधी लॉग उघडा आणि त्या खणाची शेवटची हालचाल बघा. बहुतेक वेळा शेजारच्या खणात सापडतो, आणि कोणाकडून का चुकलं तेही कळतं. आमच्याकडे सलग तीन चुका एकाच गल्लीत निघाल्या, जाऊन बघितलं तर तिथली ट्यूब गेली होती आणि लेबल दिसतच नव्हतं.

महिन्यातून एकदा सगळा स्टॉक आणि मास्टर एक्सपोर्ट करून आपल्याकडे वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि ती फाइल उघडून पार्ट नंबरची शून्यं जागेवर आहेत ना ते बघा.